रुग्ण कारण असतात, की ढाल?

बिद्रीहून गोव्याला निघालेली पोरं मुदाळ तिट्टा, गारगोटी, आजरा करत आंबोलीचा घाट उतरतात आणि सावंतवाडी, बांदा मागे टाकून म्हापशात पोचतात. कळंगुट-बागाला जायच्या आधी लागणारं, ट्रॅफिकचं, शुक्रवारच्या बाजाराचं गाव, एवढीच आपल्या पिढीला म्हापशाची ओळख. त्या गावातल्या हॉस्पिटलात १९५४ साली डॉ. पुंडलिक गायतोंडे नावाचे सर्जन होते. त्यांनी एका मेजवानीत एक छोटंसं वाक्य उच्चारलं आणि त्यापायी सरकारने त्यांना उचलून थेट पोर्तुगालला नेलं.

तारीख होती १७ फेब्रुवारी १९५४. एका पोर्तुगीज न्यायाधीशाच्या निरोपाची मेजवानी. भाषणं चालू होती. गोवा ही पोर्तुगालचीच भूमी आहे, अशा अर्थाचं काहीतरी एक वक्ता बोलला. अशा ठिकाणी असं बोलायचीच पद्धत होती आणि ऐकणाऱ्यांनी ग्लास उंचवायची पद्धत होती. गायतोंडे म्हणाले, मी याचा निषेध करतो. बस, एवढंच. त्यांनी ना बॉम्ब फेकला, ना पत्रक वाटलं, ना कुणावर हात उचलला. त्यांना अटक झाली, पोर्तुगालला हद्दपार करण्यात आलं आणि तिथे कैदेत ठेवण्यात आलं. १९५५ साली ते भारतात परत आले.

ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगता येते. तशी ती गोव्यात सांगितलीही जाते. मला मात्र तिच्यातला एक प्रश्न सोडत नाही. गायतोंडे वकील असते, संपादक असते, तर तो पडला नसता. ते सर्जन होते. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हापशाच्या हॉस्पिटलात जे पेशंट येणार होते, ज्यांची ऑपरेशनं व्हायची होती, त्यांचं काय? सर्जनने एक वाक्य बोलायचं आणि त्याची किंमत हर्नियाच्या, गाठीच्या, अडलेल्या बाळंतपणाच्या पेशंटने मोजायची, हे बरोबर आहे का?

प्रश्नाला हात घालण्याआधी हे राज्य काय होतं ते थोडक्यात बघू, कारण शाळेच्या पुस्तकात गोवा मुक्तिसंग्राम दोन परिच्छेदांत उरकतो.

२८ मे १९२६ रोजी पोर्तुगालमध्ये लष्कराने उठाव करून लोकशाही सरकार पाडलं. त्या लष्करी राजवटीने अर्थशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या सालाझारना आधी अर्थमंत्री केलं आणि १९३२ मध्ये ते पंतप्रधान झाले. चेहरा प्राध्यापकाचा आणि पाया लष्कराचा, असा तो कारभार होता. १९३० च्या वसाहत कायद्याने गोव्यासारख्या भागांचा दर्जा अधिकृतपणे खालचा ठरला. सभा घ्यायची तर परवानगी, छापायचं तर सेन्सॉर. राजकीय आरोप असलेल्या गोमंतकीयांना लष्करी न्यायालयासमोर उभं केलं जाई. त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना अशाच लष्करी न्यायालयाने १९४६ मध्ये आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधल्या पेनिशच्या समुद्रकाठच्या किल्ल्यात पाठवलं.

या लढ्यात डॉक्टर पहिल्यापासून होते. १८ जून १९४६ ला मडगावात बंदी मोडून सभा झाली. पणजीचा गजबजलेला ‘१८ जून मार्ग’ त्या दिवसाच्या नावाने आहे. त्या सभेला राममनोहर लोहिया आले होते ते असोळण्याच्या डॉ. जुलियाव मिनेझिस यांच्या घरून. मिनेझिस बर्लिनमध्ये वैद्यक शिकलेले आणि लोहियांची ओळखही तिथलीच. त्या दिवशी दोघांनाही अटक झाली. त्यानंतरच्या धरपकडीत ज्यांना पेनिशच्या किल्ल्यात धाडलं, त्यांत डॉ. राम हेगडेही होते.

आता गायतोंड्यांकडे परत येऊ. १९५१ मध्ये लिस्बनने कागदावर एक बदल केला. जगभरातून वसाहतींविरुद्ध दबाव वाढत होता, तेव्हा सालाझार सरकारने ‘वसाहत’ हा शब्दच काढून टाकला आणि गोव्याला ‘सागरपार प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. म्हणजे आमच्याकडे वसाहतीच नाहीत, गोवा हाच पोर्तुगाल. मेजवानीतलं ते वाक्य सहज तोंडातून निसटलेलं नव्हतं. ते सरकारी धोरण होतं, ग्लास हातात घेऊन म्हटलेलं. गायतोंड्यांनी आक्षेप घेतला तो नेमका त्याच्यावर.

यातली गंमत शिक्षेत आहे. गोवा खरंच पोर्तुगाल असेल, तर गोव्यातल्या माणसाला पोर्तुगालला पाठवणं ही शिक्षा कशी होईल? कोल्हापूरच्या माणसाला पुण्यात पाठवलं तर त्याला कुणी हद्दपारी म्हणेल, पण काळ्या पाण्याची शिक्षा म्हणणार नाही. लिस्बन ही त्यांच्यासाठी परकी भूमी आहे, घरापासून तोडल्याचा त्रास तिथे होईल, हे सरकारला नीट माहीत होतं. म्हणूनच तिथे पाठवलं. हद्दपारीच्या हुकमाने गायतोंड्यांचा मुद्दा सरकारनेच मान्य केला.

मग एवढ्याशा वाक्याची इतकी भीती का वाटली? कारण ते वाक्य बोलणारा माणूस. काणकोणातल्या पाळोळ्यात जन्मलेले गायतोंडे लिस्बनमध्ये वैद्यक शिकले होते. त्यांच्या पत्नी एदिला पोर्तुगालच्या अझोरेस बेटांवरच्या, पियानो वाजवणाऱ्या. ते पोर्तुगीज उत्तम बोलत, साहेबांच्या मेजवान्यांना त्यांना आमंत्रण असे. पणजीत १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती आणि तिथले डॉक्टर पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतही नोकरीला जात. गोव्यातला डॉक्टर म्हणजे साम्राज्याच्या शोकेसमधली वस्तू होती. बघा, आम्ही यांना शिकवलं, मोठं केलं, आमच्यासोबत टेबलावर बसवलं. शेतकऱ्याने निषेध केला तर त्याला अडाणी म्हणता येतं. टेबलावर बसलेल्यानेच निषेध केला की शोकेसची काच फुटते.

हे सगळं कळलं, तरी पेशंटचा प्रश्न राहतोच. त्याला हलक्यात घेऊन चालणार नाही. आमच्या भागात राहिलेल्या कुणालाही विचारा. उसाच्या फडात कुणाला साप चावतो, गळिताच्या हंगामात तोडणीवाल्याच्या पायावर कोयता बसतो, मध्यरात्री कुणाच्या छातीत कळ येते. तेव्हा गावात हाताला गुण असलेला एक डॉक्टर असणं आणि नसणं यात माणसाच्या जगण्यामरण्याचा फरक असतो. डॉक्टर नसला की गाडी शोधा, पेशंट आत घाला आणि कोल्हापूरचं सीपीआर गाठा. ज्याने हा रस्ता मागच्या सीटवर पेशंटचं डोकं मांडीवर घेऊन कापलाय, त्याला ‘डॉक्टरने तत्त्वासाठी जेलमध्ये जावं’ हे वाक्य सहज पचणार नाही. आमच्या कट्ट्यावरचा एखादा म्हातारा म्हणेल, ‘डाक्टरानं कशाला त्या भानगडीत पडायचं? त्यानं सुई मारावी, गोळ्या द्याव्या आणि गप बसावं.’ यात त्याचा भित्रेपणा दिसत नाही. आयुष्यभर डॉक्टर कमी आणि आजार जास्त बघितलेल्या माणसाचा तो हिशोब आहे.

त्या हिशोबाला पहिलं उत्तर असं दिलं जातं: गायतोंडे हॉस्पिटल सोडून गेले नाहीत, त्यांना नेलं गेलं. पेशंटला सर्जन मिळाला नाही याची जबाबदारी उचलून नेणाऱ्याची. हे खरं आहे, पण अपुरं आहे. आपण बोललो तर काय होईल याची कल्पना १९५४ च्या गोव्यात राहणाऱ्या शहाण्या माणसाला असणारच. परिणाम आधी दिसत असताना ‘मी फक्त बोललो, बाकी त्यांनी केलं’ असं म्हणून हात झटकता येत नाहीत. दोष सरकारचा, हे मान्य. पण निवड डॉक्टरचीही होती, आणि त्या निवडीचं समर्थन स्वतंत्रपणे करावं लागतं.

दुसरं उत्तर जास्त खोल जातं. आपण धरून चालतो की गप्प राहिलेला डॉक्टर म्हणजे नुसता डॉक्टर: तटस्थ, पेशंट तपासणारा. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्या आम्हा कोल्हापूरकरांना हा शब्द वेगळा ऐकू येतो. पुराच्या वेळी काठ कुठे आहे हे काठावर उभा असलेला ठरवत नाही, नदी ठरवते. काल जिथे कोरड्या पायाने उभे होतो, तिथे आज कमरेएवढं पाणी असतं आणि आपण एक पाऊलही हललेलो नसतो. हुकूमशाहीत तटस्थ डॉक्टरचं असंच होतं. तो जागचा हलत नाही, पाणी वर येत राहतं.

पाणी कुठपर्यंत येतं त्याचं उदाहरण सालाझारच्याच राज्यात आहे. आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्दी बेटांवर तराफाल नावाची छळछावणी १९३६ मध्ये उघडली. विरोधकांना तिथे मलेरियात आणि उन्हात सडायला पाठवत. ३० हून अधिक कैदी तिथे मेले. छावणीला डॉक्टर होता, एस्मेराल्दो पाइस प्राता. मी इथे बरं करायला आलेलो नाही, मृत्यूच्या दाखल्यांवर सही करायला आलोय, असं तो म्हणायचा, अशी कैद्यांची साक्ष आहे. प्राताने कधी नोकरी सोडली नाही. ‘आपल्या जागी राहून काम करत राहणं’ हाच डॉक्टरचा धर्म असेल, तर प्राता त्या परीक्षेत पास होतो. तेव्हा जागेवर असणं हे स्वतःमध्ये पुण्य ठरत नाही. त्या जागेवरून डॉक्टरची सही कशाखाली पडतेय, तेही बघावं लागतं.

इथे थोडं थांबायला हवं, नाहीतर अन्याय होईल. गप्प राहिलेला प्रत्येक डॉक्टर प्राता होत नाही. त्या काळात गोव्यात कितीतरी डॉक्टरांनी राजकारणाचा शब्द न काढता हजारो बाळंतपणं केली, मलेरियाचे पेशंट वाचवले. त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार बंगळूर-पुण्यात एसीत बसून कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला नाही. मला त्यांचा निवाडा करायचा नाही. ‘पेशंटसाठी गप्प बसा’ हे वाक्य नेहमीच खरं असतं का, एवढंच तपासायचं आहे.

त्यासाठी ‘विरोध करणारे डॉक्टर’ ही सरसकट पाटी काढून ठेवू. विरोधाचे निदान तीन वेगळे प्रकार आहेत आणि पेशंटवर पडणारा त्यांचा भार वेगवेगळा आहे.

पहिला प्रकार: राज्यकर्त्यांनी ज्याला शत्रू ठरवलं त्याच्यावर उपचार करणं. १९७३ मध्ये चिलीत जनरल पिनोशेने सत्ता बळकावली. तिथे काम करणाऱ्या शीला कॅसिडी या ब्रिटिश डॉक्टरने १९७५ मध्ये पायाला गोळी लागलेल्या एका फरारी बंडखोरावर उपचार केले. पोलिसांनी तिला पकडलं, विजेचे झटके दिले आणि त्याच वर्षाच्या शेवटी देशाबाहेर काढलं. ब्रिटनने आपला राजदूत परत बोलावला. या प्रकारात नैतिक गुंता जवळपास नाहीच. जखमी माणूस समोर आला की तो कोण आहे हे न विचारणं, हाच तर व्यवसायाचा पाया. नाझी डॉक्टरांवर न्यूरेंबर्गला खटला चालला. २३ आरोपींपैकी २० डॉक्टर होते. त्या अनुभवानंतर जागतिक वैद्यकीय संघटनेने १९४८ च्या जिनिव्हा शपथेत हेच घातलं की पेशंटचं राजकारण डॉक्टरच्या कर्तव्याच्या आड येता कामा नये. कॅसिडीने फक्त डॉक्टरकी केली. राजवटीला तीच गुन्हा वाटली.

दुसरा प्रकार गायतोंड्यांचा: पेशंट सोडायचे नाहीत, पण नागरिक म्हणून बोलायचं. यात पेशंटवर भार येऊ शकतो, पण तो सत्तेच्या हातून येतो.

तिसरा प्रकार सर्वांत अवघड: काम थांबवणं. १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं. मंडालेचं नाव आपल्याला टिळकांमुळे ठाऊक आहे, १९०८ ते १९१४ ते तिथल्या तुरुंगात होते. त्याच मंडालेतल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा ठरवलं की लष्कराच्या हाताखालच्या सरकारी हॉस्पिटलांत काम करायचं नाही. काही दिवसांत ते लोण देशभर पसरलं. शिक्षक, रेल्वे कामगार, बँकवाले नंतर आले. आघाडीला डॉक्टर होते, आणि तेही कोविडच्या काळात. त्या देशाच्या लसीकरणाची प्रमुख असलेल्या डॉ. तार तार लिन यांना जून २०२१ मध्ये अटक झाली.

त्या वर्षी म्यानमारमध्ये ऑक्सिजनसाठी रांगा लागल्या. काम थांबवलेल्या डॉक्टरांना ही माणसं दिसत नव्हती का? दिसत होती. त्यांनी सरकारी हॉस्पिटल सोडलं, पेशंट सोडले नाहीत. ते फोनवरून सल्ला देत, खासगी आणि छुप्या दवाखान्यांत तपासत. तेव्हा पेशंट असल्याचं भासवून डॉक्टरांना बोलावून पकडल्याच्या घटना घडल्या. उपचाराची हाक हाच सापळा. ज्यांना देशात राहणं अशक्य झालं, ते थायलंडच्या सरहद्दीकडे गेले. ती वाट जुनी आहे. १९८८ चं आंदोलन चिरडल्यावर डॉ. सिंथिया माँग तिथे गेल्या आणि १९८९ मध्ये माए सोत गावात त्यांनी निर्वासितांसाठी दवाखाना काढला. २००२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हद्दपारी त्यांच्या पेशंटपासून त्यांना तोडू शकली नाही, कारण पेशंटही हद्दपार झालेले होते.

तरीही तिसऱ्या प्रकाराचा हिशोब मला पूर्ण जुळवता येत नाही. बंद हॉस्पिटलच्या दारात एकाचा जीव गेला असेल, तर त्याच्या घरच्यांना ‘हे लोकशाहीसाठी होतं’ असं कुठल्या तोंडाने सांगायचं? काम थांबवणाऱ्या डॉक्टरला हे ओझं आयुष्यभर वाहावं लागेल, आणि मला वाटतं त्याने ते वाहायलाच हवं. पण दुसऱ्या पारड्यातही जीव आहेत. ज्या शहरात रस्त्यावरच्या पोरांच्या डोक्यात गोळ्या घातल्या जातात, तिथे ते घडवणाऱ्यांचं हॉस्पिटल सुरळीत चालवून देणं, सगळं कसं व्यवस्थित चाललंय असा देखावा उभा करणं, यानेही माणसं मरतात. फक्त ती ओपीडीच्या रजिस्टरमध्ये दिसत नाहीत.

आणि मग अंगोलाची गोष्ट येते. माझ्यासाठी या सगळ्या वादाचा सांधा तिने बदलला.

अगुस्तिन्हो नेतो हा कवी आणि डॉक्टर. अंगोला ही पोर्तुगालचीच वसाहत, म्हणजे गायतोंड्यांचं आणि नेतोचं राज्य एकच. पोर्तुगालमध्ये वैद्यक शिकून तो १९५९ मध्ये लुआंडाला परतला आणि दवाखाना थाटला. जून १९६० मध्ये त्याला दवाखान्यातूनच अटक झाली. त्याच्या गावाकडची माणसं आणि त्याचे पेशंट त्याला सोडा म्हणत बेंगोहून कातेतकडे चालत निघाले. सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सुमारे ३० माणसं मेली, २०० जखमी झाली. नेतोला आधी केप व्हर्दीला आणि मग लिस्बनच्या अल्जुबे तुरुंगात नेलं. त्याच अल्जुबेत १९३९ मध्ये मिगेल तोर्गा हा पोर्तुगीज डॉक्टर-लेखक एका पुस्तकासाठी डांबला गेला होता. २८ मे १९६१ ला पीटर बेनेन्सन यांनी ‘ऑब्झर्व्हर’मध्ये विसरल्या गेलेल्या कैद्यांवर लेख लिहिला. त्यात नेतोचं नाव होतं. त्या लेखातून अॅम्नेस्टी इंटरनॅशनल उभी राहिली.

यातल्या चालत निघालेल्या पेशंटकडे बघा. आपण एवढा वेळ ‘पेशंटचं काय होणार’ असं विचारत आलो, पण पेशंटला काय वाटतं हे कुणीच विचारलं नाही. आपल्या चर्चेत पेशंट म्हणजे एक आजारी शरीर होतं. त्याला इंजेक्शन हवं, टाके हवेत, आणि डॉक्टर गप्प राहिला की तो सुखी. बेंगोच्या माणसांनी दाखवलं की पेशंट हाही त्याच देशाचा नागरिक असतो, त्याच्या मानेवरही तोच बूट असतो. आपल्या डॉक्टरने काय करावं याबद्दल त्याचं मत असू शकतं, आणि त्या मतासाठी तो स्वतः चालतही जाऊ शकतो. ‘पेशंटसाठी गप्प राहा’ असं जेव्हा सत्ता म्हणते, तेव्हा ती पेशंटच्या वतीने बोलत नसते. ती पेशंटला ओलीस धरून बोलत असते: तू बोललास तर यांचा डॉक्टर काढून घेईन. ओलिसाच्या जिवाची काळजी करावी, जरूर करावी. पण बंदूक कुणाच्या हातात आहे हे विसरून नाही.

माझ्या क्षेत्रातल्या शब्दांत सांगायचं तर ज्या सिस्टिममध्ये एक माणूस गेला की सगळं बंद पडतं, तिथे दोष त्या माणसाच्या जाण्यात कमी आणि सिस्टिमच्या रचनेत जास्त असतो. अख्ख्या तालुक्याला एकच सर्जन ठेवायचा आणि मग त्याच्याच खांद्यावर ‘तू हललास तर लोक मरतील’ हे ओझं टाकायचं, ही सोय सत्तेची असते.

मात्र यातून डॉक्टर म्हणजे देव अशी पोथी लिहायला मी बसलेलो नाही. तोच नेतो १९७५ मध्ये स्वतंत्र अंगोलाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला आणि मे १९७७ च्या बंडानंतर त्याच्याच राजवटीने हजारो माणसं मारली. हैतीचा हुकूमशहा दुव्हालिए डॉक्टर होता, म्हणून लोक त्याला ‘पापा डॉक’ म्हणत. सीरियाचा बशर अल-असद डोळ्यांचा डॉक्टर. स्टेथोस्कोप गळ्यात असला की विवेकही असतो, असं काही नाही. छळ सोसलेला माणूस सत्तेवर आल्यावर छळ करणार नाही, याचीही हमी नाही. म्हणून मला ‘डॉक्टरांनी लढलंच पाहिजे’ असा नियम मांडायचा नाही.

मला फक्त एक कसोटी मांडायची आहे. ती डॉक्टरपुरती नाही. आपल्यापैकी प्रत्येकाकडे गप्प राहण्याचं एक सन्माननीय कारण असतं. डॉक्टरकडे पेशंट, शिक्षकाकडे विद्यार्थी, माझ्यासारख्याकडे टीम, ईएमआय, गावाकडचे आई-बाबा. ही कारणं खोटी नसतात. पण ती वापरण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारता येतो: हे कारण उद्या नाहीसं झालं, तर मी बोलेन का? पेशंटची सोय दुसऱ्या चांगल्या डॉक्टरने बघितली, कर्ज फिटलं, आई-बाबांची काळजी मिटली. मग बोलेन? उत्तर मनापासून ‘हो’ असेल, तर ते खरंच कारण आहे आणि तुमच्या गप्प राहण्याला कुणी नावं ठेवू नयेत. उत्तर ‘तरीही नाही’ असेल, तर पेशंट हे कारण कधी नव्हतंच. ती ढाल होती. आपण भीतीने गप्प होतो आणि त्या भीतीला आपण दुसऱ्याच्या आजाराचा पांढरा कोट घातला.

भीती वाटणं गुन्हा नाही. १९५४ मध्ये मेजवानीच्या त्या टेबलावर बसलेल्या बाकीच्यांना भीती वाटली असेल तर मी समजू शकतो. पण भीतीला भीती म्हटलं की निदान उद्या ती ओलांडायची शक्यता उरते. तिला कर्तव्य म्हटलं की तीही जाते, कारण कर्तव्य ओलांडायचं नसतं.

आपल्या व्यवसायाला शपथ नाही. डॉक्टरने नकार दिला तर त्याला आधार द्यायला जिनिव्हाची शपथ आहे, १९७५ ची टोकियोची घोषणा आहे. छळात डॉक्टरने कोणत्याही प्रकारे सामील व्हायचं नाही, असं ती सांगते. चेहरे ओळखणारं, माणसांच्या याद्या बनवणारं, कुठल्या भागातलं इंटरनेट कधी बंद करायचं ते ठरवणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याकडे असलं काही नाही. त्याच्यापुढे टिकिट येतं, तो ते क्लोज करतो. म्यानमारमध्ये लष्कराने इंटरनेट बंद केलं तेव्हाही कुणीतरी इंजिनिअरनेच ते बटण दाबलं असणार. त्याच्याकडेही कारण असेल. घर असेल, लहान मूल असेल. त्याने तो प्रश्न स्वतःला विचारला का, एवढंच मला जाणून घ्यायला आवडेल.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पुढच्या वर्षी गोव्याचे प्रतिनिधी म्हणून लोकसभेवर दोन सदस्य नेमले गेले. दोघेही डॉक्टर: आंतोनियो कुलासो आणि पुंडलिक गायतोंडे. गायतोंड्यांनी १९८७ मध्ये या सगळ्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. एदिलांनीही आपली हकिकत लिहिली. एदिला जन्माने त्या देशाच्या, ज्याने त्यांच्या नवऱ्याला कैदेत टाकलं, आणि त्या उभ्या राहिल्या नवऱ्याच्या बाजूने.

गायतोंड्यांकडे गप्प राहायला लागतं ते सगळं होतं. चांगली नोकरी, मान, साहेबांच्या टेबलावरची खुर्ची, आणि सगळ्यांत मजबूत कारण म्हणजे वॉर्डातले पेशंट. त्या रात्री ते नुसते ताटाकडे बघत बसले असते, तरी कुणी त्यांना दोष दिला नसता. पण मेजवानीच्या हिशोबात त्यांचं ते गप्प बसणं ‘हो’ म्हणून लिहिलं गेलं असतं, आणि ते ‘हो’ त्यांच्या पेशंटच्याही नावावर पडलं असतं. त्यांनी ते तिथे लिहू दिलं नाही.